मंद्र स्वराची पेटी

सतारीला भोपळा का लावतात, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच पडत नाही. भोपळा नसेल तर तारेचा नाद खोलीच्या दारापर्यंतसुद्धा पोचणार नाही, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु त्याच तारेखाली लोहचुंबक आला आणि भिंतीतल्या विजेची तिला जोड मिळाली, की भोपळ्याचे महत्त्व आपण साफ विसरतो आणि दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ‘हा किती वॅटचा?’ आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या चुकीच्या प्रश्नाविषयी; आणि उदाहरण घ्यावयाचे आहे ते बास गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे व त्याच्या स्पीकरच्या पेटीचे. आम्ही पेटी म्हणतो ती बाजाची पेटी नव्हे, ज्या लाकडी खोक्यात स्पीकर बसवितात ते खोके.

विषय परका वाटेल. पण गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो, गोव्याकडचे लग्न असो, की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, रंगमंचाच्या मागच्या बाजूला चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला एक तरुण आपण पाहिलेलाच असतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही; तो थांबला म्हणजे मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. हा तरुण बहुधा हप्त्याने अ‍ॅम्प्लिफायर घेतो. वॅटचा आकडा पाहून घेतो, आणि पहिल्याच कार्यक्रमात ढोल व झांजेपुढे त्याचा एक स्वर तिसऱ्या रांगेपर्यंत जात नाही. मग आणखी मोठा आकडा, आणखी हप्ते. हा पैसा पुष्कळदा वाया जातो, आणि तो का जातो हे समजण्यासारखे आहे.

प्रथम स्वराचेच माप घेऊ. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपने करतो. बास गिटारची सर्वांत जाड तार करते ४१. पाच तारांची बास असली तर पाचवी तार ३१ पर्यंत उतरते. ४१ कंपनांच्या स्वराची लाट हवेत सुमारे २७ फूट लांब असते. म्हणजे आपल्या घरातल्या दिवाणखान्यात ती एक लाट सबंध मावणार नाही. एवढी लांब लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा ढकलली पाहिजे. त्यातही निसर्गाचा हिशेब कठोर आहे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरावयाचे झाले, तर स्पीकरच्या कागदी शंकूला पूर्वीच्या चौपट मागेपुढे हलावे लागते. साध्या गिटारचा स्पीकर बासला लावला म्हणजे तो फडफडतो व थोड्या दिवसांत फाटतो, त्याचे कारण हे. शंकूला तेवढी ये-जा करण्याची सोयच त्यात नसते.

आता वॅट. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि तीन डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारी वाढ. आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. शंभर वॅटचा विकून दोनशेचा घेणाऱ्याला मिळते ते एवढेच. उलट स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकावर एक आकडा छापलेला असतो: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. एका स्पीकरचा हा आकडा ९४ व दुसऱ्याचा १०० असेल, तर दुसरा स्पीकर चौथाई शक्तीत पहिल्याएवढा बोलेल. शंभर वॅट आणि चारशे वॅट यांतला फरक असा एका छापील ओळीत दडलेला असतो. गिऱ्हाईक ती ओळ वाचत नाही आणि दुकानदारही वाचून दाखवीत नाही.

या वाद्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. प्रथम त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. पुढे दहा इंची चार स्पीकर आले. पण या दुसऱ्या पेटीची पाठ उघडी होती, आणि उघड्या पाठीची पेटी मंद्राला मारक असते. शंकू पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. लाट लांब असल्यामुळे ही मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. परिणाम असा झाला, की बाससाठी केलेला हा अ‍ॅम्प्लिफायर साध्या गिटारवाल्यांनी डोक्यावर घेतला. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर केला तो याच बासमनच्या आराखड्यावरून. नावात बास आणि कीर्ती गिटारची, असा हा प्रकार!

मंद्राची खरी पेटी ज्यांनी केली त्यांची सुरुवात उभ्या डबल बासपासून झाली होती. एव्हरेट हल हे स्वतः डबल बास वाजवीत. वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकते त्या खुंटीतून ध्वनिग्राहक वाद्याच्या पोटात न्यावयाची युक्ती त्यांनी काढली, आणि या ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’वरून, म्हणजे बोलक्या खुंटीवरून, त्यांच्या कंपनीचे नाव अ‍ॅम्पेग पडले. त्यांच्याकडच्या जेस ऑलिव्हर यांनी १९६० मध्ये पोर्टाफ्लेक्स बी-१५ केला. पंधरा इंची एक स्पीकर, पाठ बंद असलेली पेटी, आणि वरचे झाकण उलटे केले की आत लपलेला अ‍ॅम्प्लिफायर वर येऊन बसतो. शक्ती म्हणाल तर पंचवीस-तीस वॅट. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांतून ज्यांची बास जगभर ऐकली गेली, त्या जेम्स जेमर्सन यांचे नाव या पेटीशी कायमचे जोडले गेले आहे. आज पाचशे वॅटचा डबा खांद्याला अडकवून हिंडणाऱ्यांनी हा तीसचा आकडा मनात ठेवावा. क्लबाच्या दालनाला तो पुरे. मैदानाला पुरत नाही. म्हणून त्याच कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला: तीनशे वॅट, चौदा नळ्या, आणि दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी बंद पेटी, जिचे वजन साठ किलोच्या वर जाते.

बंद पेटी आणि भोक असलेली पेटी यांतला भेद समजण्यासाठी गोव्याचे घुमट पाहावे. मातीचे मडके, मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे. वादक एका हाताने कातडे वाजवितो आणि दुसऱ्या हाताने ते लहान तोंड कधी झाकतो, कधी उघडतो, आणि नाद त्यानुसार भरतो किंवा आखडतो. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली असता जो हुंकार उठतो तोच हा. पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते, तोंडातली हवा वजनासारखी, आणि दोघांचा मिळून एक ठराविक स्वर असतो. स्पीकरच्या पेटीला नळी बसवितात ती हा स्वर मंद्राच्या तळाशी आणून, तिथे दमलेल्या शंकूला मदत करण्यासाठी. मात्र नळीच्या स्वराच्या खाली गेले की पेटीतल्या हवेचा आधार सुटतो आणि शंकू मोकाट हलू लागतो. बंद पेटीत हवेची गादी नेहमीच पाठीशी असते. खोली थोडी कमी, पण बोल स्वच्छ.

नळी किती लांब आणि पेटी केवढी, हे पूर्वी सुतार अंदाजाने ठरवीत. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये याचे गणित मांडले. ते दहा वर्षे जवळजवळ पडून राहिले, १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापले गेले, आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढे त्याचा विस्तार केला. आज कोणत्याही चांगल्या स्पीकरबरोबर थील-स्मॉलचे आकडे मिळतात, आणि ते घालून पेटीचे माप काढणे घरच्या संगणकावर पाच मिनिटांचे काम आहे. या सर्वांच्या मुळाशी एक नियम आहे, तो प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. पेटी लहान हवी, स्वर खोल हवा आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज हवा, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. तिसरी गोष्ट सोडावी लागेल. मोठेपणा तोच ठेवून एक सप्तक खाली जावयाचे तर पेटी आठपट मोठी करावी लागते. आजचे हलके अ‍ॅम्प्लिफायर आणि निओडिमियमचे लोहचुंबक यांनी वजन पुष्कळ घटविले हे खरे. पण हवेला कुणी हलके केलेले नाही. ‘लहान, खोल आणि दणदणीत’ अशी जाहिरात दिसली, की तिन्हींपैकी काय लपविले आहे ते शोधावे.

येथे कुणी म्हणेल, मग ४१ कंपने नीट उमटतील अशी पेटी तर गाडीतच मावणार नाही. तशी गरजही नसते, आणि या ठिकाणी आपला कान मदतीला येतो. घरच्या टेलिफोनची जुनी तार ३०० कंपनांच्या खालचे काहीच वाहून नेत नसे. वडिलांच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेचा. तो तारेवर नसेच. तरीही आवाज वडिलांचा आहे आणि भरदार आहे, हे आपण ओळखत होतो. वरचे उपस्वर ऐकून मूळ स्वर मेंदू आपला आपण भरून काढतो. ती आठ स्पीकरांची प्रसिद्ध पेटीसुद्धा साठ कंपनांच्या आसपास उतरणीला लागते. चाळिशीत तिचा आवाज बराच बसलेला असतो, आणि तरी ऐकणाऱ्याला बास पोटात जाणवते. बासचा बोल रांगांपर्यंत पोचतो तो शंभर ते काही शे कंपनांच्या पट्ट्यात. म्हणून मंद्राचे बटण उजवीकडे पार फिरविणारा वादक शक्ती जाळतो आणि ऐकू मात्र येत नाही. ते बटण थोडे मागे घ्यावे आणि मधले थोडे पुढे सारावे, एवढ्यानेच कित्येकांचे नवे यंत्र घेण्याचे कारण संपते. फुकटची दुरुस्ती ती हीच.

निवडताना एकखांबी तंबू, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर एकाच पेटीत असलेला कॉम्बो, घरच्या सरावाला व लहान सभागृहाला सोयीचा असतो. तो घ्यावा, पण मागे दुसरी पेटी जोडण्याची सोय पाहूनच. आतला स्पीकर आठ ओहमचा आणि यंत्र चार ओहम सोसणारे असेल, तर बाहेर आठ ओहमची तशीच पेटी जोडता येते. दोन्ही मिळून चार ओहम होतात, ट्रान्झिस्टरचे यंत्र अधिक शक्ती सोडते, हवा ढकलणारे क्षेत्र दुप्पट होते, आणि खालच्या पट्टीत सहा डेसिबलपर्यंत लाभ होतो. यंत्र बदलून जे मिळत नाही ते पेटी वाढवून मिळते. आतला स्पीकर चार ओहमचाच असेल तर मात्र दुसरी पेटी जोडून यंत्र जाळू नये. नळ्यांच्या यंत्राला ओहमचा आकडा बरोबर जुळवावाच लागतो. पेट्या एकावर एक, उभ्या रचाव्यात. शेजारी शेजारी ठेवल्या तर बाजूच्या श्रोत्यांना बोल अस्पष्ट येतो. आणि पेटीला जोडावयाची तार जाड, स्पीकरची असावी. गिटारची बारीक तार तेथे तापते.

आता पेटीत फेरफार. त्यातला पहिला असा, की उदबत्ती लावावी, खालचा स्वर धरून वाजवावा आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवावी. जेथे धूर थरथरतो तेथे पेटी गळते, आणि गळकी पेटी मंद्र गमावते. सांधा सरसाने व पट्टीने बुजवावा. मग मडके पारखतो तशी पेटी बोटाच्या पेरांनी ठोकून पाहावी. भिंत ढबढब वाजली तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाकडाचा आडवा दांडा ताणून बसवावा, कारण भिंत हलते तेव्हा स्वराची शक्ती ती खाते. आतून पॉलिएस्टरच्या कापसाचा थर दिला तर मधल्या पट्टीतला घोगरेपणा कमी होतो. नवी पेटी करावयाची तर १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. भुशाच्या दाबलेल्या फळ्या स्वस्त पडतात खऱ्या; पण कोकणातल्या दोन पावसाळ्यांत त्या पावासारख्या फुगतात. घुमणाऱ्या सभागृहात नळीच्या तोंडात फोमचा बोळा घालून पाहावा. नळीची पेटी तेवढ्यापुरती बंद पेटीसारखी वागते, आणि नको असल्यास बोळा काढून घेता येतो. वरच्या स्वरांचा लहान स्पीकर खरखर करीत असेल तर त्याला आवाज कमी करण्याचे बटण लावावे. स्पीकर बदलणे हा शेवटचा उपाय. तो करताना वॅटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. पेटीच्या मापाला त्याचे थील-स्मॉलचे आकडे जुळतात की नाही, हे आधी.

यंत्राच्या पोटात मात्र घरच्या घरी हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नळ्यांच्या यंत्रातले कपॅसिटर पिन काढल्यावरही चारपाचशे व्होल्ट धरून बसतात. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेले यंत्र तिकडच्या १२० व्होल्टचे असते. मागची कळ २३० वर आहे की नाही, तशी कळ मुळात आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पिन लावू नये. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गुणगुण थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची खोड. मांडवात जनरेटर, ओली जमीन, कुणीतरी ओढलेल्या तारा. वादकाची बोटे धातूच्या तारांवर आणि ओठ मायक्रोफोनजवळ. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांनी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला, आणि श्रोत्यांसमोर रंगमंचावरच ते गेले. कार्यक्रमापूर्वी मायक्रोफोनचे लोखंड आणि गिटारची तार यांच्यामध्ये मीटर धरून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. काटा किंवा आकडा हलला, तर विजेवाल्याला बोलवावे आणि तो येईपर्यंत वाद्य खाली ठेवावे.