आधी सावली, मग बियाणं

सकाळी ६:३०
दसऱ्यानंतरचा रविवार परसाचा, हे आमच्या घरी ठरलेलं आहे. पाऊस गेलेला असतो, जमिनीत ओल असते आणि थंडीला अजून महिना असतो. टिटवाळ्यात मांड्याच्या बाजूला घरामागे आमची १२ फूट रुंद, २० फूट लांब जागा आहे; पाव गुंठ्याहूनही कमी. तरी हिवाळी भाज्यांचा आराखडा करायला सबंध दिवस लागतो, कारण ऊन घाईने मोजता येत नाही. सूर्य वर आला की मी चुन्याची पूड घेते आणि सावलीच्या कडेने पहिली रेघ मारते. पूर्वेला मोकळं आहे. दक्षिणेला ६ फुटी कुंपणभिंत, पश्चिमेला शेजाऱ्यांचं दुमजली घर, उत्तरेला आमचा ओटा.

९:००
आता माती. इथल्या नव्या घरांमागे पुष्कळदा वर भरावाचा मुरूम आणि विटांचे तुकडे असतात, खाली जुन्या भातखाचराची चिकट माती. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, कुदळ घालावी. नुसताच चपटा झाला तर दोन-तीन दिवस थांबावं. ओल्यात खणलेल्या जमिनीची ढेकळं वाळली की खुरप्याला दाद देत नाहीत.

पावसाळ्यातली भेंडी उपटून मुळं नीट पाहते. मुळांवर गाठी दिसल्या की सूत्रकृमी आहेत असं समजायचं, आणि त्याच जागी टोमॅटो लावायचा नाही, कारण तोही त्यांना बळी पडतो. तिथे झेंडू. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं कुस्करली की बी हातात येतं, आणि झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात. तोरण निर्माल्यात टाकण्याआधी एवढं जरूर करावं. चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत पुरतं. ताजं शेण घालू नये.

शेजारच्या काकू मूळच्या इथल्याच. भिंतीपलीकडून म्हणाल्या, “अगं, वाल टाक थोडे. भात निघाला की आम्ही तेच टाकायचो. पाणी नाय मागत.” काकूंचं खरं आहे. ठाणे-रायगडात भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ वाल तर बुटका असतो, त्याला मांडव लागत नाही. परसासाठी मला तोच आवडतो.

दुपारी १२:२०
दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. घड्याळात बारा वाजले तरी ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सगळ्यात उंचावर येतो तो १२:२० च्या सुमारास. भिंतीची सावली टेपने मोजली, साधारण ३ फूट. पण याच आकड्यावर वाफे आखले तर फसगत होईल. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो. २२ डिसेंबरला तो भर दुपारी जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि त्याच भिंतीची सावली साडेपाच फुटांवर जाते. म्हणजे ऐन थंडीत १२ फुटांपैकी जवळजवळ निम्मी जागा उन्हाविना. फेब्रुवारीच्या मध्यावर सावली पुन्हा ४ फुटांच्या आत येते. म्हणून दुसरी रेघ मी आजच्या सावलीवर नाही, डिसेंबरच्या सावलीवर मारते.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून दहा गुंठ्यांत कुटुंब जगवण्याचं गणित मांडलं. त्यात पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब पायाशी आहे. खताच्या पिशव्या मोजणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

२:००
जेवून वही उघडली. पूर्व-पश्चिम तीन वाफे, प्रत्येकी ३ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. मधे दीड-दीड फुटाच्या दोन वाटा. भिंतीलगतच्या वाफ्यात अळू, पुदिना आणि ओल्या कचऱ्याचा खड्डा. मधल्यात मेथी, पालक, लाल माठ, मुळा, कोथिंबीर, आणि उन्हाकडच्या काठाला थोडा कोबी. ओट्यालगत भरपूर ऊन, तिथे आठ टोमॅटो, चार वांगी, उरलेल्यात वाल. उंच झाडं उत्तरेलाच हवीत, नाहीतर ती बुटक्यांचं ऊन खातात.

मग तारखा. टोरांटोकडे मेच्या अखेरीस, हिमाचं भय सरलं की रोपं बाहेर काढतात. आपल्याकडे भय उलटं, मार्चच्या उन्हाचं. त्यात टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून टोमॅटो, वांगी, कोबीचं बी याच आठवड्यात गादीवाफ्यावर, लावणी नोव्हेंबरच्या मध्यावर. मेथी दर पंधरवड्याला थोडी थोडी. ती महिन्याभरात निघते. सगळी एकदम पेरली तर आठवडाभर घरात मेथीच मेथी आणि पुढे काही नाही. वाटाणा मी लावत नाही. कल्याण-बदलापूरचा पट्टा समुद्रापासून लांब, म्हणून रात्री मुंबईपेक्षा गार. पण दुपार जानेवारीतही ३० अंशांवर जाते, ती वाटाण्याला मानवत नाही.

३:३०
शेजाऱ्यांच्या घराची सावली आली. शेवटची रेघ.

४:१५
लोकलने आंबिवली, शहाड, कल्याण. बियाण्याच्या पाकिटावर चित्र पाहू नये, चाचणीची तारीख पाहावी. तिथून नऊ महिने ते वैध असतं. उगवणीचा आकडाही छापलेला असतो. पालकाला ६० टक्के असले तरी चालतात, म्हणून तो दाट पेरायचा. गुलाबी पूड लावलेलं बी विषारी असतं, ते मुलांपासून लांब ठेवावं.

रात्री ८:००
स्वयंपाकघरातल्या मेथीचे आणि धन्याचे वीस-वीस दाणे ओल्या फडक्यात बांधले. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवतं तेव्हाही बियाण्याची परीक्षा होतेच. किराण्यातली मेथी बहुधा उगवते. धने जुने असले तर नाही. पेरायचे धने लाटण्याने हलके रगडून दोन फाळी करायचे, आणि आठ-दहा दिवस धीर धरायचा.

ज्यांच्या घरामागे वावभर जरी जागा असेल, त्यांनी येत्या रविवारी एवढंच करावं: दिवसातून तीन वेळा सावलीची रेघ मारावी, आणि बियाणं त्यानंतरच आणावं.