पेन ड्राइव्ह आपोआप कसा जोडला जातो?

लिनक्स प्रणालीच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला, की थोड्याच वेळात पडद्यावर त्याचे चिन्ह उमटते. हे कसे घडते, ते पाहू.

लिनक्समध्ये सर्व फायली जणू एकाच वृक्षाच्या फांद्यांवर असतात. नवा ड्राइव्हही या वृक्षाच्या एखाद्या फांदीशी जोडावा लागतो. या जोडणीला 'माउंट करणे' असे म्हणतात. पूर्वी त्यासाठी वापरकर्त्याला आज्ञा टंकित करावी लागे. आता प्रणालीचा गाभा, म्हणजेच 'कर्नेल', उपकरण ओळखतो. 'यूडेव्ह' ही आज्ञावली त्याची माहिती नोंदवून इतरांना कळवते आणि डेस्कटॉपच्या विनंतीवरून 'यूडिस्क्स' ही सेवा प्रत्यक्ष जोडणी करते.

ड्राइव्ह काढताना मात्र दक्षता आपणच घ्यायची असते. फाइल उतरवून झाली असे दिसले, तरी तिचा काही भाग संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. तो मागाहून ड्राइव्हवर लिहिला जातो. तेवढ्यात ड्राइव्ह उपसला, तर फाइल अपुरी राहते. प्रसंगी जुन्या फायलीही बिघडतात. म्हणून आधी ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय निवडावा आणि सूचना मिळेपर्यंत थांबावे. परीक्षेचा अर्ज असो वा वर्षभराचा हिशेब, क्षणभराच्या धीराने तो सुखरूप राहतो.