सहलीला निघताना पाण्याचा हिशेब

डिसेंबरातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात सहलीचा विषय निघाला, तेव्हा निम्म्या घरांनी मान फिरवली. सहल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. तीन दिवस विड्या वळल्या नाहीत तर हजारीचे पैसे बुडतात, यंत्रमागावरचा खाडा मालक विसरत नाही, आणि पोरांना हिंडायचंच असेल तर मामाचं गाव आहे की. हे सगळं खरंच होतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी बाराला घरात बसवत नाही आणि रात्री बारापर्यंत पत्रा गारठत नाही. महिनाभर धड झोप नाही, जेवण जात नाही, बीपीच्या माणसाचं डोकं चढलेलं, लेकरं चिडचिडी. दोन रात्री गार हवेत झोप मिळाली तर ती चैन कशी, असा प्रश्न आमच्यातल्या एका पोरीने विचारला, आणि त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

मग १ जानेवारीपासून दर आठवड्याला घरटी शंभर रुपये काढायचं ठरलं. आठ घरं तयार झाली. बुद्ध पौर्णिमेपर्यंत १९ आठवडे भरले, म्हणजे घरामागे एकोणीसशे रुपये. माणसं एकोणीस : नऊ बाया, चार पुरुष, सहा लेकरं. एवढ्या पैशात एवढी माणसं महाबळेश्वर पाहून येतात यावर शेजारच्या गल्लीचा अजून विश्वास नाही.

गुपित असं काही नाही. गाडी केली नाही, एसटीने गेलो. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे काहीच नाही. बायाच जास्त असल्या की एसटीसारखी स्वस्त गाडी दुसरी नाही. आधार कार्ड मात्र प्रत्येकाच्या पिशवीत हवं. दुसरी युक्ती मुक्कामाची. मे महिन्यात महाबळेश्वरातल्या लॉजचे भाव विचारूसुद्धा नयेत. आम्ही दोन्ही रात्री साताऱ्यात, ओळखीतून मिळालेल्या विहाराच्या हॉलमध्ये चादरी टाकून झोपलो, निघताना दानपेटीत पैसे टाकले, हॉल झाडून दिला. साताऱ्याहून महाबळेश्वर साठ किलोमीटरच्या आत आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. खाणं घरचंच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही आपल्या सोलापूरकरांना मिळालेली प्रवासाची शिदोरीच आहे, तीन दिवसांत काही होत नाही तिला. दही-कांदा तिथे घेतला की जेवण झालं.

साताराच का, हे वस्तीत वेगळं सांगावं लागलं नाही. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले. भीमाईंची समाधी तिथे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं ते सरकारी हायस्कूल आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं. रजिस्टरात १९१४ व्या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. हाच ७ नोव्हेंबर आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सुट्टीमुळे शाळा बंद होती. आम्ही संध्याकाळी फाटकाबाहेरच उभे राहिलो. पाचवीतल्या एका पोराने विचारलं, “त्यांच्या वर्गात पंखा होता का?” सगळे हसले. हसू थांबल्यावर कुणीतरी मसूरची गोष्ट काढली.

१९०१ चा उन्हाळा. रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तळ्याच्या खोदाईवर खजिनदार होते. त्यांनी पोरांना सुट्टीला बोलावलं. नवे कपडे शिवले, डबा भरून घेतला, आणि घरातली मुलं मोठी माणसं सोबत नसताना आगगाडीत बसली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेलं नाही, पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडं देऊ केलं आणि गाडी स्वतः हाकायची तयारी दाखवली तेव्हा एक बैलगाडी मिळाली. रात्री टोलनाक्यावर पोचले, तिथेही पाणी नाही. डबा भरलेला असून पोरं उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नव्हता. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीला निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराची ती सहलच होती म्हणा.

आरोग्याच्या पानावर हे कशाला, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने वाईमार्गे वर गेलो. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो आणि पहिल्या तीन वळणांतच दोन पोरांनी ओकायला सुरुवात केली. हे टळलं असतं. घाटाआधी पोट अगदी रिकामंही नको आणि तट्ट भरलेलंही नको, एखादी सुकी भाकरी पुरे. ज्याला लागतं त्याने पुढे बसावं, मोबाइल बघू नये, लांब समोर रस्त्याकडे बघावं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतूनच बाहेर पडते.

पाचगणीचं टेबललँड सकाळी साडेआठला गाठलं. ते पठार म्हणजे वस्तीतल्या पोरांसाठी चमत्कारच, कारण एवढी मोकळी सपाट जागा, जिथे रिक्षा येत नाही आणि कोणी हटकत नाही, ती त्यांनी पाहिलीच नव्हती. घोड्यावर पैसे घालवले नाहीत. पोरं तासभर नुसती धावली, बाया चालल्या. आमच्यातल्या दोघींना साखर आहे. जेवणानंतर अर्धा तास चाला, असं दवाखान्यात दर वेळी सांगतात, पण आमच्या बोळात चालायचं कुठे? त्या दिवशी दोघी मिळून पठाराला फेरी मारून आल्या. पुढे महाबळेश्वर, वेण्णा तलाव, संध्याकाळी डोंगराच्या कडेवरून खालची दरी पाहिली. माकडांनी एक चटणीची पुडी पळवली, त्याला तिखट लागलं असावं.

वर गार का वाटतं, तर उंचीमुळे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते, वर झाडी. पण गार हवा फसवते. घाम जाणवत नाही म्हणून कोणी पाणी पीत नाही, आणि ऊन तर डोक्यावर असतंच. टोपी, ओढणी, पाण्याची बाटली वरही सुटू नये.

तिसऱ्या दिवशी सहाला अजिंक्यतारा चढलो. साडेआठला खाली. इथपर्यंत सगळं नीट. मग चूक झाली. आवरायला उशीर झाला आणि परतीची गाडी अकराची मिळाली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, पंढरपूर असा रस्ता. भर दुपारी माणदेशातून, खिडकीतून भट्टीसारखा वारा, गाडीत उभ्यालाही जागा नाही. दहिवडी सोडल्यावर आमच्यातल्या एक मावशी, वय साठीच्या घरातलं, जन्म विड्या वळण्यात गेलेला, गप्प झाल्या. मग म्हणाल्या डोळ्यापुढं अंधारी येतीय. अंग घामाने चिंब आणि हात गार. एकदा ओकल्या.

कंडक्टर भला माणूस. कडुलिंबाखाली गाडी थांबवली. मावशींना सावलीत आडवं केलं, पाय पिशवीवर उंच ठेवले, पदर सैल केला, ओला पंचा मानेवर आणि काखेत, दोघी वारा घालायला. शुद्धीवर होत्या, नाव-गाव बरोबर सांगत होत्या, म्हणून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. वीस-पंचवीस मिनिटांत रंग परतला. तेव्हा विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालात? मावशी म्हणाल्या, “गुळणीपुरतं. पाणी पिलं की उतरावं लागतंय, आन् उतरायचं कुठं?”

वाटेतल्या एका स्थानकात आम्ही उतरलो होतो, हे खरं. स्वच्छतागृहाला कुलूप होतं. पुरुष भिंतीआड गेले. बाया परत गाडीत येऊन बसल्या. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, नऊपैकी सहा बायांनी त्या दिवशी मुद्दाम पाणी टाळलं होतं. एवढंच नाही, तिघी जणी कामावरसुद्धा रोज हेच करतात. मसूरला पोरांना पाणी दिलं नाही. आमच्या बायांच्या हातात बाटली होती आणि त्या पीत नव्हत्या.

मावशींना बीपीची जी गोळी चालू आहे तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी बघून सांगितलं. अशी गोळी असेल तर शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. ती मनाने बंद करायची नाही, पण उन्हाळ्यात प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कुपी ओल्या कापडाच्या पिशवीत, अंगाजवळच्या बॅगेत ठेवावी. बर्फाला चिकटवू नये आणि गाडीच्या टपावरच्या सामानात तर मुळीच नको.

मावशींना झाला तो उन्हाचा थकवा. खरा उष्माघात याहून वेगळा आणि जिवावरचा. ताप १०४ च्या पुढे जातो, माणूस बरळतो, झटके येतात किंवा शुद्ध जाते, अंग तापतं, कधी घामही थांबतो. असं दिसलं की १०८ ला फोन करायचा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, मान-काख-जांघेत गार फडकी ठेवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनळीत जातं. कांदा फोडून हुंगवत बसण्यात वेळ घालवू नये.

घरचं पाणी असं : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. मीठ जास्त झालं तर अपायच होतो. ओआरएसची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटरात घालायची, निम्मी-निम्मी नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पाणी पुरतंय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिक्का असेल तर ठीक, गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडतंय.

आता स्वच्छतागृहाचा प्रश्न. तो बाटलीने सुटत नाही. या वर्षी आम्ही तो आधी धरला आहे. दोन-अडीच तासांनी थांबा, तोही कुठे हे निघण्यापूर्वी ठरलेलं. गाडी ठरवली तर पेट्रोल पंपावर थांबायचं. तिथलं स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरायची अट नसते. एसटीने गेलो तर मोठ्या स्थानकावर सगळ्या बाया एकत्र उतरणार, कुलूप असेल तर आगारातल्या साहेबाकडे जाऊन किल्ली मागणार, आणि तिथल्या वहीत तक्रार लिहिणार. एक जुनी चादर, कागदी साबण आणि पाण्याचा डबा वेगळ्या पिशवीत. ही पिशवी पुरुषांनी वाहायची, असाही ठराव झालाय.

परतीची गाडी एक तर पहाटे पाचची, नाहीतर दुपारी चारनंतरची. अकराची नाही.

या वेळी कराड ठरतंय. आगाशिवच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत, साधी, फारशा कोरीव कामाची नाहीत, पण चढ उन्हाचा आहे, सकाळीच उरकावा लागेल. मसूर तिथून जवळ. स्टेशन बघायचं म्हणून पोरांनी आत्ताच हट्ट धरला आहे. ज्यांना मुक्काम जमणार नाही त्यांच्यासाठी एक दिवसाची दोन ठिकाणं आहेत. नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आसपास, बोरी नदीकाठचा किल्ला आणि पाणीमहाल. धबधबे मात्र पावसाळ्यातच कोसळतात, उन्हाळ्यात त्यासाठी जाऊ नये. दुसरं तेर, म्हणजे जुनं तगर. तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं अभ्यासक मानतात, आणि लामतुरे संग्रहालयात सावलीत दोन तास सहज जातात. जाण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारून घ्या.

मावशींनी शंभर रुपये पहिल्याच आठवड्यात भरले आहेत.