दुसऱ्या फळीतली थोरली लीग

२३ एप्रिल १९४६ रोजी अमेरिकेत ‘ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया बास्केटबॉल लीग’ स्थापन झाली. पुढे जी एनबीए म्हणून जगभर गाजली, ती लीग त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जूनला जन्मली. म्हणजे वयाने थोरली हीच, तरी जन्मभर ती दुसऱ्या फळीची म्हणूनच ओळखली गेली. नावं बदलत बदलत ती शेवटी कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन, थोडक्यात सीबीए, झाली आणि २००९ मध्ये संपली. तेवढ्या काळात तिने एनबीएला खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच पुरवले. नवे नियम आधी स्वतःच्या मैदानावर खेळून पाहिले. मोठ्या लीगने ज्यांना दार लावून घेतलं होतं, त्यांना खेळायला जागा दिली. बास्केटबॉलच्या इतिहासात तिची बोळवण तळटीपेवर होते, हा तिच्यावर अन्याय आहे.

पहिल्या हंगामात सहा संघ होते. विल्क्स-बॅरी, हेझलटन, ॲलनटाउन, रेडिंग आणि लँकॅस्टर ही पेनसिल्व्हेनियातली गावं, आणि सीमेपलीकडचं न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन. पहिलं विजेतेपद विल्क्स-बॅरीने पटकावलं. हे गाव, हेझलटन आणि नंतर लीगमध्ये आलेलं स्क्रँटन अँथ्रासाइट कोळशाच्या पट्ट्यातले; स्क्रँटनच्या संघाचं नावच ‘मायनर्स’, म्हणजे खाणकामगार. कोळशाचा धंदा तेव्हाच उतरणीला लागला होता. जानेवारी १९५९ मध्ये सस्क्वेहाना नदीचं पाणी नॉक्स कंपनीच्या खाणीत घुसलं, बारा कामगार मृत्युमुखी पडले आणि त्या खोऱ्यातलं खोल खाणकाम जवळजवळ थांबलंच. रोजगार आटत चाललेल्या या गावांना हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी हक्काचं एक ठिकाण होतं. सामने लष्करी कवायतीच्या जुन्या हॉलमध्ये नाही तर छोट्या जिममध्ये होत, आणि प्रेक्षक मैदानाच्या रेषेला अगदी लागून बसत.

खेळाडू मात्र बहुधा त्या गावचे नसत. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चार-पाच जण एका गाडीत दाटीवाटीने बसून बर्फातल्या रस्त्यांनी यायचे. शनिवारी एका गावी सामना, रविवारी दुसऱ्या, आणि सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर. पैसे सामन्यागणिक मिळत आणि तेवढ्यावर घर चालत नसे. पण ही हौशी मंडळी होती असा समज कुणी करून घेऊ नये. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एनबीएत संघच मुळी नऊ, आणि एकेका संघात दहा-बारा खेळाडू. जगातल्या जेमतेम शंभर जणांना तिथे काम. त्यांच्यामागचे पुढचे शंभर ईस्टर्न लीगमध्ये खेळत होते, आणि त्यातले कित्येक वरच्या शंभरांत शोभले असते.

ते वर का नव्हते, याची कारणं नेहमीच खेळातली नव्हती.

१९४६-४७ च्या पहिल्याच हंगामात हेझलटनच्या संघात बिल ब्राउन, झॅक क्लेटन आणि जॉन आयझॅक्स हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो त्यानंतर, एप्रिल १९४७ मध्ये; एनबीएचं दार तर १९५० मध्ये किलकिलं झालं. १९५५-५६ मध्ये याच हेझलटनने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. एनबीएत ही गोष्ट घडायला डिसेंबर १९६४ उजाडावा लागला, आणि ती बोस्टन सेल्टिक्सने केली. मधल्या काळात एनबीएच्या संघमालकांमध्ये एका संघात कृष्णवर्णीय खेळाडू किती असावेत याचा अलिखित हिशेब चालायचा. फिलाडेल्फियाचा जॉन चेनी त्या हिशेबाबाहेर राहिला. तो सनबरी आणि नंतर विल्यम्सपोर्टकडून ईस्टर्न लीगमध्ये खेळला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण एनबीएत त्याला एक सामनाही मिळाला नाही. पुढे टेम्पल विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने नाव कमावलं आणि २००१ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. खेळाडू म्हणून तो काय चीज होता, हे पाहिलं ते सनबरीसारख्या छोट्या गावातल्या लोकांनी.

दुसरा गट होता काळ्या यादीतल्यांचा. १९५१ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये गुणफरकाच्या सट्ट्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट तेव्हा देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक होता. या प्रकरणात तो तुरुंगात गेला आणि एनबीएचा रस्ता कायमचा बंद झाला. केंटकीच्या सात फुटी बिल स्पायव्हीवर आरोप शाबित झालाच नाही, तरी एनबीएने त्याला उभं केलं नाही. हे दोघेही ईस्टर्न लीगमध्ये खेळले. हेझलटनच्या त्या १९५५-५६ च्या पाच जणांत व्हाइट होता. खेळाचं नाव खराब करणाऱ्यांना आसरा दिला म्हणून लीगला नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण विशीत केलेल्या चुकीची शिक्षा भोगून झाल्यावर माणसाला त्याचं काम करू द्यायचं की नाही, या प्रश्नाला या लीगने सरळ उत्तर दिलं, आणि ते माणुसकीचं होतं.

पॉल आरिझिनची गोष्ट अगदी निराळी. फिलाडेल्फिया वॉरियर्सचा हा नामांकित खेळाडू. १९६२ मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेव्हा घर आणि आयबीएममधली नोकरी सोडून जाण्याऐवजी त्याने एनबीएच सोडली. शनिवार-रविवारी तो कॅम्डन बुलेट्सकडून खेळू लागला, १९६३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढच्या वर्षी कॅम्डनने विजेतेपद मिळवलं.

नियमांच्या बाबतीत दुसऱ्या फळीला एक मोकळीक असते, तिला प्रयोग परवडतात. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, ती तीन गुणांची रेषा एका अल्पायुषी लीगने १९६१ मध्ये आखली होती. ती लीग बुडाली. ईस्टर्न लीगने १९६० च्या दशकाच्या मध्यावर ती रेषा उचलली आणि टिकवली. एनबीएने ती स्वीकारली १९७९ मध्ये.

१९७७ मध्ये अलास्कातल्या अँकरेजचा संघ लीगमध्ये आला. पेनसिल्व्हेनियापासून अँकरेज पाच हजार किलोमीटरहून लांब. आता ‘ईस्टर्न’ हे नाव टिकणं शक्यच नव्हतं; १९७८ मध्ये लीग ‘कॉन्टिनेन्टल’ झाली, आणि १९८० चं विजेतेपद अँकरेजनेच नेलं. नवे आयुक्त जिम ड्रकर हे एनबीएचे नामवंत पंच नॉर्म ड्रकर यांचे चिरंजीव. त्यांच्या काळात आलेली गुणतक्त्याची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सामन्याला सात गुण. चारपैकी प्रत्येक क्वार्टर जिंकल्याचा एक आणि सामना जिंकल्याचे तीन. समजा, एका संघाने पहिले तीन क्वार्टर दोन-दोन गुणांनी जिंकले आणि शेवटचा दहा गुणांनी घालवला. सामना तो चार गुणांनी हरला, पण तक्त्यात त्याला तीन गुण मिळाले आणि विजेत्याला चार. वीस गुणांनी मागे पडलेल्या संघालाही शेवटच्या बारा मिनिटांत लढायला कारण उरायचं, आणि तिकीट काढून आलेला माणूस अर्ध्यावर उठून जात नसे. क्रिकेटच्या एकतर्फी सामन्यांना कंटाळलेल्या आपल्या प्रेक्षकालाही ही पद्धत पटेल.

१९८० चं दशक हा सीबीएचा बहराचा काळ. न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या आल्बनीत ‘पॅट्रून्स’ हा संघ पुन्हा एका लष्करी हॉलमध्येच खेळत होता. १९८२-८३ च्या हंगामाच्या मध्यावर त्याची सूत्रं फिल जॅक्सनकडे आली. खेळाडू म्हणून न्यूयॉर्क निक्सच्या विजेत्या संघात राहिलेला हा माणूस इथे संघाची व्हॅन स्वतः चालवायचा. त्याने सगळ्या खेळाडूंना सारखंच मानधन ठेवलं, आणि १९८४ मध्ये आल्बनीला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याने प्रशिक्षक म्हणून एनबीएची ११ विजेतेपदं मिळवली. त्याच आल्बनीत जॉर्ज कार्लच्या संघाने १९९०-९१ मध्ये ५६ पैकी ५० सामने जिंकले, घरच्या मैदानावरचे तर २८ च्या २८. तरीही विजेतेपद हुकलं.

खेळाडूंसाठी सीबीए म्हणजे फोनची वाट पाहणं. एनबीएच्या एखाद्या संघात कुणी जायबंदी झालं की दहा दिवसांच्या कराराचं बोलावणं यायचं. जॉन स्टार्क्स एकेकाळी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायचा. १९८९-९० मध्ये तो सीडर रॅपिड्सच्या संघात होता. पुढे निक्सच्या सरावात त्याने धिप्पाड पॅट्रिक यूइंगच्या डोक्यावरून डंक मारायची हिंमत केली आणि गुडघा दुखावून घेतला. जखमी खेळाडूला काढता येत नाही, म्हणून तो संघात राहिला. १९९४ मध्ये तो ऑल-स्टार झाला. आल्बनीचा मारियो एली पुढे एनबीएच्या तीन विजेत्या संघांत खेळला.

लीग मोडली ती मात्र वरच्या मजल्यावरच्या व्यवहारात. १९९९ मध्ये माजी खेळाडू आयझया थॉमसने सुमारे एक कोटी डॉलरला सगळे संघ विकत घेतले. गावोगावचे मालक, जे आपल्या संघाचं तिकीट स्वतः खपवायचे, बाजूला झाले. पगार कापले गेले. २००० मध्ये एनबीएने लीग विकत घ्यायची तयारी दाखवली, पण सौदा जमला नाही. त्याच वर्षी थॉमस इंडियाना पेसर्सचा प्रशिक्षक झाला, आणि एनबीएच्या नियमानुसार सीबीएची मालकी त्याला सोडावी लागणार होती. गिऱ्हाईक मिळालं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये भर हंगामात सामने थांबले. नोव्हेंबरात एनबीएने स्वतःची विकास लीग सुरू केली. सीबीए पुन्हा उभी राहिली खरी, पण २००८-०९ मध्ये चारच संघ उरले होते आणि तोही हंगाम अर्धवट गुंडाळावा लागला.

एनबीएची ती विकास लीग आज ‘जी लीग’ नावाने चालते. पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. तो याच लीगच्या टेक्सास लेजंड्समध्ये खेळला. अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये. जुन्या सीबीएतला साउथ डकोटाचा सू फॉल्स स्कायफोर्स हा संघ १९८९ पासून अजून तग धरून आहे, आता मायामी हीटची शाखा म्हणून. ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला डंकन रॉबिन्सन २०१८-१९ मध्ये तिथे खेळला. पुढच्याच हंगामात मायामीकडून त्याने २७० थ्री-पॉइंटर मारले आणि तो एनबीएची अंतिम फेरी खेळला.