पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावू नका

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीत दारात जागा नसली, की गाडी मिळेल तिथे लावावी लागते. ती जागा सखल असेल, तर गाडी रात्रीत पाण्यात जाते. पाणी ओसरताच हात चावीकडे जातो आणि खरे नुकसान तिथे होते.

सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. पाणी मात्र दाबले जात नाही. आत पाणी असताना स्टार्टर मारल्यास पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन उतरवण्याची वेळ येते.

नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई नसते. फुल इन्शुरन्समध्ये असते. पण गाडी सुरू केल्यामुळे इंजिन बिघडले, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ नसताना तो दावा सहसा नाकारला जातो. ते संरक्षण घेतानाही अटी वाचाव्यात.

म्हणून पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि गाडी टोचन करूनच गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडीच्या वायरिंगला हात लावू नका.

पुराच्या पाण्यात गाडी घालणे तर जिवावर बेतते. फूट-दोन फूट वाहते पाणीही मोटार तरंगवून नेऊ शकते. रस्त्यावर पाणी दिसले, की मागे फिरा.