नांदूर शिंगोटे येथील चकमक व लेफ्टनंट हेन्रीचा मृत्यू

१८५७ च्या उठावाचे नाव निघताच मीरत, दिल्ली, कानपूर व झाशी ही स्थळे प्रथम आठवतात. नाशिकच्या परिसरातही त्या वर्षी शस्त्रे उचलली गेली होती. अहमदनगर जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री हा ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे मारला गेला. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. तत्पूर्वी सिन्नरचा मुलूख अहमदनगरकडे होता, म्हणून ही कामगिरी नगरच्या अधिकाऱ्याकडे आली.

हेन्रीचा प्रतिपक्षी भागोजी नाईक हा याच गावचा भिल्ल पुढारी. तो पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलातच अंमलदार होता. १८५५ मध्ये दंगा करणे व पोलिसांस अडथळा आणणे या आरोपांवरून त्यास कैदेची शिक्षा झाली. सुटकेनंतर एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याजकडून जामीन मागण्यात आला. ती मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचा सरकारी हुकूम निघाला. डोंगरात राहून रखवाली व शिकार करणाऱ्या जमातीस हा हुकूम जाचक वाटणे स्वाभाविक होते. भागोजीने गाव सोडले. सुमारे पन्नास भिल्ल त्यास मिळाले, आणि गावापासून मैलभर अंतरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशी जागा त्यांनी धरली.

हेन्री तेथे पोहोचला तेव्हा त्याजबरोबर तीस पोलीस व तलवारी घेतलेले महसूल खात्याचे वीस शिपाई होते. लेफ्टनंट थॅचर व टपाल खात्यातील टेलर हेही त्यास येऊन मिळाले. प्रथम सिन्नर व अकोले येथील मामलेदारांकरवी भागोजीस बोलावणे पाठविण्यात आले. दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा व पुढील निर्वाहाची व्यवस्था व्हावी, त्यावाचून आपण येणार नाही, असे भागोजीने कळविले. हा निरोप येताच हेन्रीने चढाईचा हुकूम दिला. भिल्लांची जागा मोक्याची होती. त्यांच्या गोळीबारात पुढे सरत असता हेन्री जखमी झाला, तरी तो थांबला नाही, आणि अखेर तेथेच पडला.

भागोजीच्या निरोपाची भाषा येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात राज्य उलथविण्याची घोषणा नाही. ती पगार व पोटगी मागणाऱ्या, एके काळच्या चाकराची भाषा आहे. त्याच्या नावापुढील ‘नाईक’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. संस्कृत ‘नायक’ या शब्दापासून आलेला हा शब्द जमातीच्या पुढाऱ्यास लावीत, आणि कंपनीच्या पलटणीत हवालदाराच्या खालचा हुद्दाही तोच होता. जमातीचा मान व सरकारी चाकरी या दोहोंचा संबंध त्या काळी किती निकटचा होता, हे या एका शब्दावरून कळते. हा संबंध तुटला, त्याची किंमत हेन्रीने दिली. सरकारी कागदांनी या समूहास ‘टोळी’ म्हटले, पुढील पिढ्यांनी भागोजीस ‘क्रांतिवीर’ म्हटले. मूळ मागणी मात्र या दोन्ही शब्दांच्या आड झाकली गेली.

हेन्रीच्या मृत्यूने भिल्लांमध्ये सर्वत्र खळबळ उडाली. १८ ऑक्टोबर रोजी अकोले भागातील समशेरपूर येथे पुन्हा चकमक होऊन लेफ्टनंट ग्रॅहम व मुलकी अधिकारी चॅपमन हे जखमी झाले. मैदानी पलटणींस डोंगरवाटा अपरिचित असल्याने सरकारने कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली कोळ्यांचे पथक उभारले. डोंगरातील एका जमातीचे बंड मोडण्यासाठी डोंगरातीलच दुसऱ्या जमातीस चाकरीत घ्यावे लागले. त्यानंतरही भागोजी दोन वर्षे हाती लागला नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातीलच मिठसागर येथे फ्रँक सौटर याच्या तुकडीशी लढताना तो मारला गेला. हा सौटर पुढे १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

हेन्री व भागोजी हे दोघेही एकाच पोलीस दलातील आणि दोघांचाही अंत एकाच तालुक्यात झाला. दोन वर्षांच्या पगाराचा प्रश्न बोलण्याने सुटला असता की नाही, हे आज ठरविता येणार नाही. चढाईच्या हुकुमापूर्वी तो प्रश्न मामलेदारांच्या मुखाने स्पष्ट मांडला गेला होता, एवढे मात्र निश्चित.