सायकसचे बी घरी रुजविताना

झावळ्यांचा रविवार जवळ आला की आपल्या भागात सायकसच्या पानांची मागणी वाढते. वेदीच्या दोन्ही अंगांना, मिरवणुकीच्या क्रुसाला, लग्नाच्या मांडवाला आणि अंत्यविधीच्या फुलचक्रालाही ही झावळी चालते. तोडल्यानंतरही ती बरेच दिवस हिरवी राहते, म्हणून सर्वांना हवी असते. झाड मात्र थोड्यांच्याच दारी असते. मग कोणी रोपवाटिकेत जाऊन किंमत ऐकून परत येतो, तर कोणी घाटातल्या रानातून झाड उपटून आणतो. ही दुसरी वाट बंद व्हावी आणि झाडे तर घरोघरी व्हावीत, यासाठी हा लेख लिहीत आहोत. सायकस बियांपासून घरी करता येतो. त्याला पैसा लागत नाही म्हटले तरी चालेल. धीर मात्र भरपूर लागतो, आणि एक सावधगिरी लागते. ती आधी सांगतो, कारण पुष्कळ जण लेख अर्धाच वाचून कामाला लागतात.

सायकसचे बी विषारी आहे. पान, खोड, मूळ सर्वच विषारी आहे, पण बी अधिक. नारिंगी-तांबड्या रंगाचे, सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे हे बी लहान मुलांना खेळण्यासारखे वाटते आणि कुत्र्याला चघळावेसे वाटते. यात सायकॅसिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले की त्याचे विघटन होऊन यकृतावर आघात होतो. माणसाला काही तासांत ओकाऱ्या, पोटात कळा, भोवळ असा त्रास सुरू होतो. कुत्र्याने एक-दोन बिया खाल्ल्या तरी त्याचे यकृत निकामी होऊन ते दगावू शकते. गुरांनी कोवळी पाने वारंवार खाल्ली तर त्यांचे मागचे पाय लुळे पडतात आणि असे जनावर पुन्हा उभे राहणे कठीण. ऑस्ट्रेलियातील गुराख्यांना हा रोग चांगला परिचित आहे. त्याच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर 1770 साली कॅप्टन कुक यांचे जहाज दुरुस्तीसाठी थांबले असता खलाशांनी या जातीच्या झाडाच्या बिया खाल्ल्या व ते आजारी पडले. जहाजावरच्या डुकरांना त्या घातल्या, तर त्यांतली काही मेली. ज्यांच्या परसात डुकरे व कोंबड्या मोकळ्या फिरतात त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

तेव्हा बिया, त्यांचा सोललेला गर आणि भिजविलेले पाणी यांपैकी काहीही उकिरड्यावर किंवा गुरांच्या डोणीजवळ टाकू नये. हातभर खोल खड्डा करून पुरावे. मुलाने बी चावले असे कळल्यास लक्षणे दिसण्याची वाट पाहत बसू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करू नये. तोंडात उरलेले काढून टाकावे, चूळ भरायला लावावी आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. सोबत तसलेच एक बी न्यावे, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्ले ते समजेल.

येथे कोणी म्हणेल, केरळात तर याच्या बियांचे पीठ करून खातात! खरे आहे. कोळिकोड, मलप्पुरम, वायनाड या भागांत रानसायकसला ‘ईन्त’ म्हणतात आणि त्याच्या पिठाचे पदार्थ तेथील घरांत होतात. परंतु तेथील बायका बिया फोडून, वाळवून, अनेक दिवस पाणी बदलून बदलून धुतात. विष पाण्यात उतरते आणि फेकले जाते. पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले हे काम आहे. ऐकीव माहितीवर आपण त्याच्या वाटेला जाऊ नये. इंग्रजीत या झाडाला सागो पाम म्हणतात, त्यावरूनही घोटाळा होतो. आपल्या स्वयंपाकघरातला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. सायकसशी त्याचे नाते नाही.

खरे तर सायकस हा पाम, म्हणजे ताड-माडाच्या कुळातला, मुळीच नव्हे. त्याला फूल येत नाही, फळही येत नाही. बी उघडेच धरते. पाइन आणि देवदार त्याचे दूरचे नातेवाईक. नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे. नराला मधोमध मक्याच्या मोठ्या कणसासारखा शंकू येतो, तर मादीला लोकरीसारख्या लव असलेल्या पानांचा घरट्यासारखा गोल येतो व त्या पानांच्या कडेला बिया धरतात. झाड पहिल्यांदा शंकू धरेपर्यंत नर की मादी हे ओळखता येत नाही आणि त्याला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात. नराचे पराग मादीपर्यंत पोचविण्याचे काम मुख्यत्वे बारीक भुंगेरे करतात. पुढचा प्रकार आणखी नवलाचा आहे. पराग बीजांडात रुजतो आणि त्यातून पोहणारे शुक्राणू बाहेर पडतात! जपानचे शास्त्रज्ञ इकेनो यांनी 1896 साली सायकसमध्ये ते पाहिले. झाडाचे शुक्राणू पोहतात ही गोष्ट शेवाळ-नेच्यांत ठाऊक होती. बी धरणाऱ्या झाडात ती सापडावी याचे त्या काळी मोठे आश्चर्य वाटले.

आपल्या बागांतून दिसतो तो बहुधा जपानी सायकस. घाटातला निराळा, त्याचे पान लांब व मऊ, खोड उंच. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ या सतराव्या शतकातील ग्रंथात त्याची चित्रे आहेत. डच अधिकारी व्हान ऱ्हेड यांनी तो ग्रंथ सिद्ध केला; त्या कामात आरंभी त्यांना कार्मेलाइट संघाचे फादर मॅथ्यू यांचे साहाय्य झाले, आणि कोकणी वैद्य रंगभट, विनायक पंडित व आपू भट यांचे 1675 चे प्रमाणपत्र नागरी लिपीत त्यात छापलेले आहे. हा रानसायकस आज धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये गणला जातो. पाने, बिया आणि खोडातला गाभा या तिन्हींसाठी त्याची तोड होते, आणि वाढ इतकी सावकाश की तुटलेले भरून निघत नाही. राखीव जंगलातून रोप उपटणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे. शिवाय उपटलेले मोठे झाड मुळे तुटल्यामुळे पुष्कळदा जगतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (12:13) खजुरीच्या झावळ्यांचा उल्लेख आहे. त्या जिथे मिळत नाहीत तिथे दुसऱ्या झाडाच्या फांद्या चालतात, असे उपासनाविधीच सांगतो. माडाची झावळी मिळाली तरी मिरवणूक अडत नाही.

आता बियांकडे वळू. पुष्कळांची तक्रार असते की वर्षभर पाणी घातले, काही उगवले नाही. बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतो. बी पोकळ असते. सायकसचे बीजांड परागाशिवायही फुगते, रंगते आणि दिसायला पूर्ण बी होते. बंगल्यासमोर एकटेच मादी झाड असेल तर त्याखाली टोपलीभर बिया पडतात, पण त्यांतली एकही रुजत नाही. म्हणून बी आणण्यापूर्वी जवळपास नर झाड आहे का, हे विचारावे. दोन्ही झाडे असून लांब असतील तर पराग आपण नेऊ शकतो. नराचा शंकू सैल होऊन टिचकी मारताच पिवळी भुकटी पडू लागली की ती कागदावर झाडून घ्यावी, रात्रभर सावलीत सुकू द्यावी, आणि मादीचा गोल उमलून पानांत फटी दिसू लागल्या की कोरड्या कुंचल्याने त्या फटींत सोडावी. एक दिवसाआड दोन-तीनदा करावे.

पिकलेले बी हात लावताच सुटते. रबरी हातमोजे घालूनच हाताळावे. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून काम भागते. बिया चार-पाच दिवस पाण्यात भिजवाव्यात, पाणी रोज बदलावे. वरची रंगीत साल व गर मऊ झाला की चाकूने खरवडून संपूर्ण काढावा. या गरात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. गर ठेवून पेरलेले बी कुजते किंवा फार लांबते. आत पांढरट, टणक कवच निघेल. ते फोडू नये. कानस घासून कवच पातळ करणारे लोक आहेत, पण नवशिक्याने त्या फंदात पडू नये. आत ओल शिरून बुरशी धरते.

सोललेल्या बिया पुन्हा पाण्यात टाकाव्यात. बुडतील त्या ठेवाव्यात, तरंगतील त्या बहुधा पोकळ. (समुद्रकाठच्या काही जातींच्या बियांत भेंडासारखा थर असतो व त्या चांगल्या असूनही तरंगतात, जपानी व घाटातल्या सायकसला मात्र ही परीक्षा लागू पडते.) बुडालेल्यांपैकी एखादी फोडून पाहावी. आत पांढरा, भरीव गाभा असेल तर बाकीच्यांवर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

झाडावरून पडताना बीमधला गर्भ पुरता वाढलेला नसतो. तो पुढे आतल्या आत वाढतो. म्हणून घाई करून उपयोग नाही. सोललेल्या बिया किंचित ओलसर वाळूत, सावलीत, झाकण असलेल्या डब्यात दोन-तीन महिने ठेवाव्यात. डब्यावर ‘विष’ असे ठळक लिहावे व तो स्वयंपाकघरात ठेवू नये.

पेरणीसाठी निम्मी जाड वाळू व निम्मा नारळाच्या काथ्याचा भुसा, किंवा नदीची नुसती वाळूही चालते. शेणखत या वेळी घालू नये. भांडे वीतभर तरी खोल असावे, कारण सोटमूळ आधी खाली जाते. बी आडवे ठेवून अर्धे वाळूत दाबावे, अर्धे उघडे राहू द्यावे. पुरते पुरलेले बी लवकर कुजते. भांडे उबदार, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावे. 25 ते 30 अंश तापमान त्याला मानवते. पाणी वरचा थर सुकू लागल्यावरच घालावे. पावसाळ्यात भांडे पडवीत घ्यावे, आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात ते दोन दिवसांत चिखल होईल.

मग वाट पाहणे. कोणाचे बी महिन्या-दीड महिन्यात फुटते, कोणाचे आठ-नऊ महिने घेते. एकाच झाडाच्या बियाही एकाच वेळी रुजत नाहीत. कवचाला चीर पडून पांढरे मूळ दिसले की त्याचा शेंडा हाताला लागू देऊ नये. पहिले पान त्यानंतर पुष्कळ आठवड्यांनी येते. रोपाला चिकटलेले जुने बी ओढून काढू नये, रोप त्यातूनच अन्न घेत असते. ते बी विषारीच असते, हेही विसरू नये.

पहिली एक-दोन वर्षे वर्षाला एखाद-दुसरेच पान येते. या काळात मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठाळ मुळ्या दिसल्या तर रोग समजून छाटू नयेत. त्यांत राहणारे सूक्ष्म नील-हरित शेवाळ हवेतला नत्र झाडाला देते. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींसारखेच हे काम. शत्रू दोन. लहान निळसर फुलपाखराच्या अळ्या कोवळा पोंगा एका रात्रीत कुरतडतात. पोंगा निघाला की रोज पाहावे व अळ्या वेचाव्यात. मुंग्यांची ये-जा दिसली तर अळ्या आहेत असे समजावे. दुसरी पांढरी खवले कीड, ती पानाच्या खालच्या बाजूने चढते. ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेल व साबणाचे पाणी फवारावे, आणि फार भरलेले पान कापून जाळावे.

दोन-तीन पाने झाली की रोप खोल कुंडीत हलवावे आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीस, पाणी साचत नाही अशा जागी, जमिनीत लावावे. गोठ्यापासून आणि मुलांच्या खेळाच्या अंगणापासून दूर, कुंपणाच्या आत. झावळ्या काढण्याजोगा डेरा व्हायला त्यानंतरही पाच-सहा वर्षे लागतात. काढताना खालच्या बाजूची जुनी दोन-चार पानेच घ्यावीत. मधला पोंगा कापला की त्या वर्षीची वाढ गेली. ज्यांच्याकडे जपानी सायकसचे मोठे झाड आहे त्यांनी बुंध्याशी फुटलेली पिल्ले हिवाळा संपताना अलग करावीत, जखम आठवडाभर सावलीत सुकू द्यावी आणि वाळूत लावावीत. पिल्लाला बियांपेक्षा वेळ कमी लागतो, आणि शेजाऱ्याला द्यायलाही ते सोपे.